भिंतीवर टांगलेला मनाई हुकूम

'मनाई हुकूम' हा शब्द आधी नीट समजून घ्यावा, मग माझे पुढचे बोलणे ऐकावे. हल्ली लोक मला सरसकट 'स्टे' म्हणतात आणि ते मला खटकते. स्टे म्हणजे स्थगिती. ती चालू असलेली एखादी कार्यवाही आहे तेथेच थोपवते. मी कार्यवाही थोपवीत नाही, मी माणसाला थोपवतो. अमुक माणसाने अमुक कृत्य यापुढे करू नये, एवढेच माझे सांगणे असते. माझ्या नावातले दोन्ही शब्द अरबीतले, फारसीच्या वाटेने मराठी दफ्तरात शिरलेले. कोणा विद्वानाने मला 'निषेधाज्ञा' असे भारदस्त नाव दिले आहे. पण ते नाव तोंडात घेऊन कोणी न्यायालयाचा जिना चढल्याचे मी पाहिलेले नाही.

आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. शिक्षा घडून गेलेल्या गोष्टीकडे पाहते. मी घडू पाहणाऱ्या गोष्टीकडे पाहतो. काल कोणी काय केले याचा राग धरणे मनाई हुकुमाच्या स्वभावात नसते. माझ्याही नव्हते. पण मला राग धरायला शिकवणारा एक गुरू भेटला, आणि मी त्याचा धडा मन लावून गिरवला.

मी असाच एक मनाई हुकूम. नेमके सांगायचे तर त्याची सही-शिक्क्याची नक्कल. मूळ आदेश न्यायालयाच्या फायलीत राहतो. ज्याला मनाई करायची त्याच्या हाती नक्कल दिली जाते. मूळ आदेशाला कोणी हात लावीत नाही. अपमान सोसायचा तो नकलेने.

दोन हजार चार सालच्या जूनमध्ये, पुण्यात शिवाजीनगरच्या दिवाणी न्यायालयात माझा जन्म झाला. माझी मागणी करणाऱ्या बाईंचे नाव द्वारका शंभू इंगळे. नवरा वाशीमकडून कारखान्यात नोकरीसाठी आलेला. खराडीत त्याने तीन खोल्या आणि पुढे थोडे अंगण एवढी जागा घेतली आणि चाळिशीतच तो गेला. द्वारकाबाईंनी अंगणावर पत्रे घातले आणि खाणावळ सुरू केली. आधी कारखान्यातले कामगार येत. पुढे खराडीत काचेच्या इमारती उभ्या राहू लागल्या, तशी गळ्यात ओळखपत्राची पट्टी घातलेली मुले येऊ लागली. 'आंटी, अजून एक भाकरी' असे म्हणणारी ही मुले दिवसभर संगणकासमोर बसून दूरदेशीच्या लोकांची कामे करीत आणि दुपारी मांडी घालून झुणका खात. द्वारकाबाईंचे घर, संसार, पुढचे आयुष्य, सारे त्या पत्र्याखालच्या पंगतीवर उभे होते.

त्या घराच्या दोन्ही अंगांची जमीन बजरंगशेठची. पूर्वी तो शेती करीत असे. आता जागांच्या खरेदीविक्रीचे कार्यालय चालवीत होता. दोन्ही तुकड्यांवर मिळून त्याला एक मोठी इमारत बांधायची होती आणि मधले घर आड येत होते. त्याने जागा मागितली. पहिल्यांदा द्वारकाबाई नाही म्हणाल्या तेव्हा त्याने हसून चहा पाजला. दुसऱ्यांदा हसला, पण चहा पाजला नाही. तिसऱ्या नकारानंतर टँकर आला.

शौचकूप उपसणारा, मैला वाहून नेणारा टँकर. तो दुपारी बाराच्या सुमारास नेमका खाणावळीच्या फाटकासमोर उभा राही आणि पाइपाचे तोंड गटारात सोडले जाई. ताटे वाढलेली असत. मुले नाकाला रुमाल लावून उठत. एखाद्या दिवशी टँकर नसला तर वाळूची ट्रॉली फाटकाला टेकवून ठेवलेली असे. ट्रॉली नसली तर चारदोन जण कठड्यावर बसून जेवायला येणाऱ्यांना, कुठले गाव, कुठली कंपनी, इथे काय मिळते, असे विचारीत. यातले एकही कृत्य असे नव्हते की ज्याने पोलिसांना घाई व्हावी. द्वारकाबाई सात वेळा चौकीवर गेल्या. सातही वेळा अदखलपात्र नोंद झाली; म्हणजे त्यांचे ऐकून घेतले, लिहून घेतले आणि त्यांना घरी पाठवले. सुटे पाहिले तर प्रत्येक कृत्य क्षुल्लक होते. एकत्र पाहिले तर तो वेढा होता. असा वेढा उठवण्यासाठीच माझी जात निर्माण झाली आहे.

द्वारकाबाईंचे वकील सिराज बागवान. त्यांच्या घरची तिसरी पिढी मंडईत केळी विकते; हे एकटे काळा कोट घालून निघाले. बोलणे मोजके, मराठी सोवळे. न्यायाधीश मॅडम मला तोंडी सांगू लागल्या आणि 'प्रतिवादीने वादीस त्रास देऊ नये' इथपर्यंत आल्या, तेव्हा सिराज वकील उठून उभे राहिले.

"'त्रास' हा शब्द सैल आहे, मॅडम," ते म्हणाले. "उद्या प्रतिवादी म्हणेल, त्रास कशाला म्हणायचा ते मला उमगले नाही. कृत्ये लिहावीत. भावना नकोत."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिले आणि तो शब्द खोडायला सांगितला. म्हणून माझ्या अंगावर आजही असे कोरलेले आहे: 'प्रतिवादीने स्वतः अथवा आपले नोकर, हस्तक वा अन्य कोणाहीमार्फत वादीच्या घराच्या फाटकासमोर मैलावाहू टँकर, ट्रॉली अथवा कोणतेही वाहन उभे करू नये, तेथे मैला वा सांडपाणी सोडू नये, वादीकडे जेवावयास येणाऱ्यांस अडवू नये. पुढील आदेशापर्यंत.' मला माझ्या शरीराचा अभिमान होता. त्यात एकही शब्द अधिक नव्हता आणि एकही उणा नव्हता.

मला पोचवण्याचे काम नागोराव बेलिफांकडे आले. बेलिफ म्हणजे न्यायालयाचे कागद माणसांच्या हाती नेऊन देणारा. निवृत्तीला दोन वर्षे उरलेले, लुनावर फिरणारे, खांद्याला कापडी पिशवी. चौदा जूनला त्यांनी मला त्या पिशवीतून खराडीला नेले. वाटेत मी मनात शब्द जुळवीत होतो. माणसाला पहिल्यांदा भेटायचे तर नीट भेटावे, एवढीच माझी इच्छा होती.

बजरंगशेठच्या कार्यालयात गार हवेचे यंत्र होते आणि भिंतीवर पाट्या होत्या. त्याने लहानपणी आत्याकडे राहून पेठेतल्या एका शाळेत दोन वर्षे काढली होती. तेथून गणित फारसे आणले नाही, पाटी लिहिण्याची खोड मात्र आणली. दारावर 'चपला बाहेर, अक्कल आत' अशी पाटी. खुर्चीमागे 'बसा. उठायला सांगेपर्यंत.' खराडीत राहूनही आपण पेठेतल्यासारखे टोचून बोलू शकतो, याचा त्याला जागांच्या व्यवहारांपेक्षा अधिक गर्व होता.

नागोरावांनी मला टेबलावर ठेवले आणि पोच म्हणून सही मागितली.

"सही कशाला?" बजरंगशेठ म्हणाला. "कागद ठिवा तितं. कागद घेतो, सही देत नाय."

तेथे दोन गावकरी बसले होते. नागोरावांनी त्यांना पंच म्हणून सही कराल का असे विचारले, तर दोघांनाही एकाच वेळी छताचा पंखा पाहण्याची निकड लागली. नागोरावांनी आपल्या अहवालात लिहिले: प्रतिवादीने कागद ठेवून घेतला, पोच देण्यास नकार दिला, पंच मिळाले नाहीत. अशा अहवालाला कायद्यात किंमत असते. पण हुशार माणसाला शिरण्याएवढी फटही त्यात असते.

नागोराव गेल्यावर बजरंगशेठने मला वाचले. सावकाश वाचले, ओळीवर बोट ठेवून. मला वाटले, झाले माझे काम. मग चहा आला. त्याने गरम पेला उचलून माझ्यावर ठेवला, बरोबर गोल शिक्क्याच्या वर, आणि दूरध्वनी कानाला लावला.

"टँकर उद्यापन बाराला," तो म्हणाला. "आधी नको रं. ताटं वाढू दे, पोरं बसू दे, मग पाइप सोड."

पेल्याचे वर्तुळ माझ्या शिक्क्यावर कायमचे उमटले. तो डाग पडला त्या क्षणी माझा स्वभाव बदलला. तोवर मी मनाई होतो. त्या दिवसापासून मी वैरी झालो. मला पाय नव्हते, वाचा नव्हती, हात नव्हते. होते ते एवढेच की मला विसर पडत नाही. कागदावर जे उमटते ते राहते.

काही दिवस मी टेबलाच्या खणात पडून होतो. जुलैत बजरंगशेठला एक कल्पना सुचली. त्याने मला मंडईमागच्या एका दुकानात नेऊन काचेच्या चौकटीत बसवून घेतले आणि तेथल्याच अनंत पेंटरकडून खाली लावायला एक पाटी रंगवून घेतली. मजकूर त्याने उभे राहून सांगितला. पाटी अशी:

'सदर हुकूम आम्हांस दि. १४ जून रोजी मिळाला. वाचला. हसलो. टँकर नेहमीच्या वेळी येईल. चौकशी करू नये.' आणि खाली, तांबड्या रंगात, त्याची लफ्फेदार सही.

पोच म्हणून जी सही त्याने दिली नाही, ती पाटीवर हौसेने दिली.

मग मी त्याच्या खुर्चीच्या उजव्या अंगाला, भिंतीवर लटकलो. येणाऱ्याजाणाऱ्याला तो माझे दर्शन घडवी. लोक वाचीत, हसत, 'शेठ, भारी' म्हणत. नव्या कंपन्यांत काम करणारी मुले भाड्याच्या खोल्या विचारायला येत, तीही हसत. त्यांतली काही बारा वाजता द्वारकाबाईंकडे जेवायला जाणारी होती, हे त्यांना हसताना आठवत नसावे. मी काचेआडून प्रत्येकाचा चेहरा पाहून ठेवला. माझ्यासमोर रोज ठरे: आज टँकर, उद्या ट्रॉली, परवा कठड्यावर कोण बसणार. ज्या कृत्यांची मी नावे घेऊन मनाई केली, त्यांचे वेळापत्रक माझ्याच डोळ्यांखाली आखले जात होते. एखाद्याला बांधून घालून त्याच्यासमोर त्याचे घर लुटावे, तसे ते होते.

ऑगस्टमध्ये सिराज वकिलांनी हुकूम मोडल्याचा अर्ज केला. बजरंगशेठ वकील घेऊन हजर झाला आणि त्याने प्रतिज्ञेवर लिहून दिले की, असा कोणताही हुकूम मला मिळालेला नाही. टँकर माझा नाही. तो कोणाचा आणि का येतो, मला ठाऊक नाही. हे लिहून देऊन तो परतला आणि माझ्याखालच्या खुर्चीवर बसून त्याने ते सारे रंगवून सांगितले. कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवून विचारले, मग हे काढून नाही का ठेवायचे? तो म्हणाला, कोर्ट तिकडे शिवाजीनगरला, भिंत इथे खराडीला. कोर्ट काय माझी भिंत वाचायला येणार आहे? आणि खरे कारण असे की ती पाटी खाली उतरवणे त्याच्या जिवावर आले होते. इतकी चांगली पाटी त्याला पुन्हा सुचली नसती.

हुकूम मिळाल्याचा पुरावा नाही, टँकर त्याचा असल्याचा पुरावा नाही. अर्ज तारखांवर तारखा घेत रेंगाळला. टँकर येतच राहिला. ऑक्टोबरपर्यंत द्वारकाबाईंच्या पंगतीत चाळिसांपैकी नऊ मुले उरली.

मग एके दिवशी सकाळी द्वारकाबाई स्वतः त्या कार्यालयात आल्या. मी त्यांना प्रथमच पाहिले. ठेंगणी अंगकाठी, नेसूचे साधे लुगडे नव्हे तर इस्त्री केलेली सुती साडी, हातात कापडात गुंडाळलेली घराची कागदपत्रे. त्या जागा देऊन टाकायला आल्या होत्या. हे मी अंदाजाने म्हणत नाही; त्यांनी आल्या आल्या तसे सांगितले. नऊ मुलांवर खाणावळ चालत नाही, म्हणाल्या, आणि त्या वासात आता मलाही जेवण जात नाही. तुम्ही म्हणाल ते लिहून देते.

बजरंगशेठने त्यांना लगेच खुर्ची दिली नाही. "या वहिनी," तो म्हणाला. "कोर्ट बगायला आलात व्हय? ते बगा, तितं टांगलंय."

त्यांनी मान वर केली. मला वाचले, शिक्क्यावरचे चहाच्या पेल्याचे वर्तुळ पाहिले. मग पाटी वाचली. पुन्हा एकदा पाटी वाचली. त्यांचे ओठ हलत होते. 'चौदा जून' या शब्दांवर ते थांबले. मी आयुष्यात एकाच माणसाच्या डोळ्यांत माझे प्रतिबिंब पाहिले आहे, ते त्या वेळी. त्या बाईंच्या मनात तेव्हा जे उठले ते माझ्या मनात चार महिन्यांपासून होते.

त्या रडल्या असत्या तर सारे बिघडले असते. ओरडल्या असत्या तर संध्याकाळच्या आत मी चुलीत गेलो असतो. त्यांनी कागदपत्रांची गुंडाळी काखेत सरकवली.

"चौकट चांगली करून घेतलीत, शेठ," त्या म्हणाल्या. "काम कोणाचं?"

बजरंगशेठ खुलला. त्याने मंडईमागचे दुकान सांगितले, अनंत पेंटरचे नाव सांगितले, मजकूर आपलाच असल्याचे सांगितले, आणि 'हसलो' हा शब्द आधी 'हसू आले' असा होता, तो आपण कसा छाटला, तेही सांगितले.

"छान आहे," द्वारकाबाई म्हणाल्या. "फक्त काच पुसत जा. अक्षरं धूसर दिसतात." मग, सातबाऱ्याचा एक उतारा घरी राहिला, तो घेऊन दोन दिवसांनी येते, असे सांगून त्या निघाल्या.

त्या गेल्यावर बजरंगशेठने खरोखर कपडा मागवून काच पुसून घेतली.

दोन दिवसांनी त्या आल्या नाहीत. त्यांच्याऐवजी न्यायालयाने नेमलेली एक तरुण वकीलबाई आली, जागेवर जाऊन पाहणी करणारी कमिशनर. बरोबर सिराज वकील, दोन पंच आणि छायाचित्रकार. मला भिंतीवरून खाली उतरवले गेले. बजरंगशेठ छायाचित्रकाराला म्हणाला, की छायाचित्रात आपली खुर्ची येऊ नये. कमिशनरबाईंनी पंचनाम्यात पाटीचा मजकूर अक्षरश: उतरवून घेतला. लिहिताना त्यांना 'हसलो' इथे हसू आले. मला आले नाही.

डिसेंबरात सुनावणी झाली. चौकटीसकट मी न्यायाधीशांच्या समोरच्या मेजावर होतो, पुरावा म्हणून. बजरंगशेठ साक्षीच्या पिंजऱ्यात होता. त्याच्या वकिलांनी त्याला आधीच पढवले होते, की ती पाटी म्हणजे विनोद आहे.

"पुण्यात असल्या पाट्या लोक गमतीनं लावत्यात, मॅडम," तो म्हणाला. "पाटी कोन खरी मानतं?"

सिराज वकील उठले. "गंमत मान्य आहे," ते म्हणाले. "त्यातल्या तारखेची गंमत तेवढी न्यायालयाला समजावून सांगावी. बेलिफांच्या अहवालातही हीच तारीख आहे. ते काही विनोदी लेखक नाहीत."

मागे बसलेले नागोराव छताकडे पाहू लागले. मग टँकरचे विचारले गेले. जो टँकर कोणाचा ते तुम्हांला ठाऊक नाही, तो नेहमीच्या वेळी येईल हे तुम्हांला कसे ठाऊक? अनंत पेंटरची साक्ष झाली. पाटीवरचे शब्द कोणाचे, असे विचारता तो म्हणाला, "शब्द शेठचे. विरामचिन्हं माझी."

तो सारा वेळ मी काचेखाली निजून होतो आणि माझ्यावरून एकेक डोळा फिरत होता. चार महिने जे माझ्याकडे पाहून हसले, त्यांतले दोघे मागच्या बाकावर बसले होते. आता कोणी हसत नव्हते. मी खोटे सांगणार नाही, मला फार बरे वाटले.

न्यायाधीश मॅडमनी हुकूम जाणूनबुजून मोडल्याचे नोंदवायला सांगितले. मग त्या थांबल्या. अशा वेळी न्यायालये थांबतात. मोडलेले सांधता आले तर सांधावे, हाही त्यांचा धर्म आहे. प्रतिवादी माफी मागत असेल तर अर्जदार बाई प्रकरण पुढे नेणार का, असे त्यांनी विचारले. बजरंगशेठच्या वकिलांनी त्याला कोपराने ढोसले. तो उभा राहिला आणि न्यायासनाकडे हात जोडून म्हणाला, "चुकलो, मॅडम."

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक म्हातारी उठली. बजरंगशेठची आई, मथुराबाई. पांढरे केस, डोक्यावरून पदर, काठी. शिपाई अडवायला गेला, पण मॅडमनी हात वर करून त्याला थांबवले. मथुराबाई द्वारकाबाईंच्या समोर आल्या आणि वाकू लागल्या. द्वारकाबाईंनी त्यांना वरच्या वर धरले.

"बाय, तू लेकरावानी हायेस," मथुराबाई म्हणाल्या. "ह्यो माज्या पोटचा हाय म्हनून सांगते. याला आत घातलं तर गावात मान वर करता यायची नाय. तुज्या पाया पडते. सोड त्याला."

त्या रडत होत्या आणि ते रडणे खरे होते. खोलीत असा एकही माणूस नव्हता ज्याला गहिवरून आले नाही. मला एक क्षण भीती वाटली. इतके महिने जपलेला राग एका म्हातारीच्या अश्रूंनी पुसला जाणार, असे वाटले. कारण माणसांना असे पुसलेले आवडते. सिराज वकील आपल्या कागदांकडे पाहत राहिले. तेही काही सांगू इच्छीत नव्हते.

"आजी, पाया मी तुमच्या पडते," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि खरोखर वाकून पडल्या. मग उठून उभ्या राहिल्या. "पण पाइप तुम्ही सोडला नाही. ज्यानं सोडला, तो चुकलो म्हणाला ते मॅडमना म्हणाला. माझ्याकडे त्यानं अजून पाहिलेलं नाही. तुम्हाला पुढं केलंय."

बजरंगशेठने तेव्हा द्वारकाबाईंकडे पाहिले. उशीर झाला होता.

"बाई, तुम्हांला न्याय मिळाला आहे," मॅडम सौम्यपणे म्हणाल्या. "आता आणखी काय हवे?"

"न्याय त्या कागदानं जूनमध्येच दिला होता, मॅडम," द्वारकाबाईंनी माझ्याकडे बोट केले. "यानं त्याच्यावर चहाचा पेला ठेवला. मला आता न्याय नको. मला हा आत गेलेला बघायचाय."

लघुलेखकाची बोटे थांबली. मॅडमनी त्याला सांगितले: असे लिहा, की अर्जदार माफी स्वीकारण्यास तयार नाही.

एवढेच लिहिले गेले. द्वारकाबाईंचे मूळ शब्द कोठल्याही कागदावर नाहीत. ऐकले सर्वांनी, पण जसेच्या तसे जपले ते मी, म्हणून मी ते येथे सांगितले.

बजरंगशेठला एक महिन्याची दिवाणी कैद झाली. तो येरवड्यास गेला. तो महिना मी पुराव्याच्या कपाटात काढला आणि एकेक दिवस मोजला. मनाई हुकुमाने असे दिवस मोजू नयेत, हे मला कळते. मी पुढे पाहणाऱ्यांच्या जातीचा आहे, मागे पाहणे मला शोभत नाही. पण शोभते तेच केले असते, तर आज द्वारकाबाईंचे घर त्या जागी नसते. तो सुटून आला तेव्हा त्या फाटकासमोर टँकर आला नाही. पुन्हा कधीच आला नाही.

हे सारे होऊन वर्षे लोटली. मूळ दाव्याचाही निकाल द्वारकाबाईंच्या बाजूने लागला. आता मी अभिलेख कक्षात, लाल फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यात आहे. काच केव्हाच काढून घेतली, पाटी माझ्या पाठीला बांधलेली आहे. शिक्क्यावरचे तपकिरी वर्तुळ तसेच आहे. जुनी कागदपत्रे नष्ट करण्याची यादी निघते, तीत एक दिवस माझा क्रमांक येईल. त्याचे मला वाईट वाटत नाही. मात्र तोवर एक गोष्ट माझ्या कानांवर वारंवार आदळते, ती सहन होत नाही.

या कक्षात मांजरी गावाहून येणारा एक कारकून आहे. नवा माणूस रुजू झाला की दुपारी डबा उघडून तो त्याला माझी हकीकत सांगतो. पाटीचा मजकूर त्याला पाठ आहे, तो बरोबर सांगतो. सिराज वकिलांचे बोलणे थोडे वाढवून सांगतो, तेही चालेल. बजरंगशेठची इमारत शेवटी द्वारकाबाईंच्या घराला वळसा घालून कशी बांधावी लागली, आणि तिचा जिना अजून कसा वाकडा आहे, हे त्याने स्वतः पाहिले आहे. पण शेवटाकडे आला की त्याचा आवाज ओला होतो. खराडीतही आता हकीकत अशीच सांगतात म्हणे: म्हातारी आई पाया पडली, द्वारकाबाईंना पाझर फुटला, त्यांनी अर्ज मागे घेतला, बजरंगशेठ सुधारला आणि पुढे त्यांच्याच पंगतीला येऊन जेवू लागला. ऐकणारे समाधानाने माना हलवतात आणि डबा बंद करतात.

माझी तुम्हांला एवढीच विनंती आहे. ही हकीकत पुढे सांगाल, तर त्या बाईंच्या पदरी तुमची क्षमा बांधू नका. त्या म्हातारीच्या पाया पडल्या, हे खरे आहे. बजरंगशेठ त्या पंगतीला कधीही बसला नाही. आणि द्वारकाबाईंनी त्याला माफ केले नाही. त्यांना तसे भर न्यायालयात, सर्वांदेखत विचारले गेले होते, आणि त्या नाही म्हणाल्या.